पिशवीतलं कार्ड

गिरगाव,
११ जानेवारी

प्रिय गौतम,

चौदा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट उघडायला थोडा वेळ घेतला असशील. तुझा चिपळूणचा पत्ता मला सीमाताईंनी दिला. डिलाईल रोडला तुमच्या शेजारच्या चाळीत राहायच्या त्या, आठवतायत ना? त्या अजून तुला ‘गौतमदादा’च म्हणतात. कॉलेजात शिकवतोस, घरामागे दोन आंब्यांची कलमं लावलीयस, एवढं त्यांच्याकडून कळलं. बरं वाटलं.

मी मजेत आहे. उजवा गुडघा जिने चढताना कुरकुरतो, पण परळच्या आपल्या रुग्णालयाचा जिना तो रोज चढतोच. उन्मेष मागच्या वर्षी निवृत्त झाला. आता सकाळचा चहा तो करतो, इतका गोड करतो की मला ऑफिसात जाऊन दुसरा प्यावा लागतो, आणि हे त्याला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. आमच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटच्या सभा सुरू आहेत. तोवर संध्याकाळी चौपाटीपर्यंत चालून येतो दोघं. रुग्णालयाला नवा रंग दिलाय. कँटीनमधली मिसळ बंद झाली, सँडविच मिळतं. फाटकासमोरचा लॅमिनेशनवाला आता मोबाइलची कव्हरं विकतो. त्या दुकानापाशी आले की मला तू रांगेत उभा दिसतोस, हातात कार्डांचा गठ्ठा घेऊन.

तुला कल्पना असेल, मी अजून रेकॉर्ड विभागातच आहे. तू गेल्यावर विभागप्रमुखाची खुर्ची मला मिळाली. तू नि मी सत्त्याण्णव साली दोन कॉम्प्युटरवर जे उभं केलं होतं, ते सगळं त्या परदेशी कंपनीच्या यंत्रांवर गेलं, हे तू बघूनच गेलास. ती यंत्रं कुठे आहेत हे मला कधी नीट कळलं नाही. एकदा विचारलं तर ‘तीन खंडांत’ असं उत्तर आलं. पण काम चालायचं. खरं सांगते, उत्तम चालायचं. डॉक्टरांना वॉर्डात उभं राहून मोबाइलवर रिपोर्ट दिसायचे. तू छापून द्यायचास ती रुग्णांची मराठी कार्डं आम्ही बंद केली, कारण आता सगळं ‘वर’ होतं. त्या कार्डावर ‘परळ’ छापताना ‘ळ’च्या जागी चौकोन यायचा आणि तू आठ दिवस त्या एका अक्षराच्या मागे लागला होतास. मी म्हटलं होतं, पत्ता सगळ्यांना माहीत आहे, राहू दे. तू म्हणालास, “ज्याच्या रोगाचा कागद आहे, त्याला तो वाचता आला पाहिजे. पूर्ण.” मला तेव्हा तो अतिरेक वाटला होता.

आता मुख्य गोष्ट सांगते. गेल्या जुलैत एका मंगळवारी सकाळी साडेनवाला ओपीडीच्या खिडकीवरची मुलगी धावत आली. पडद्यावर एकच ओळ होती: आपलं खातं पडताळणीसाठी थांबवण्यात आलं आहे. मला वाटलं, नेट गेलं असेल. नेट होतं. खातं गेलं होतं. सगळ्या खिडक्या, सगळे वॉर्ड, रक्तपेढी, प्रयोगशाळा, एका झटक्यात बंद. मी कंपनीचा नंबर फिरवला. यंत्र बोललं. मग दुसरं यंत्र बोललं. दुपारी अडीचला एक जिवंत माणूस मिळाला, अगदी नम्र, आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं. कारण कळायला दोन दिवस गेले. आपल्या ट्रस्टला चार वर्षांपूर्वी एका देशातल्या संस्थेने डायलिसिसची यंत्रं दान दिली होती. त्या देशावर कंपनीच्या देशाने आता निर्बंध घातले होते. आपल्या कागदपत्रांत त्या संस्थेचं नाव कुठेतरी सापडलं आणि कंपनीच्या यंत्राने दार लावून घेतलं. कुणी रागावलं नव्हतं, कुणाचा आपल्यावर डोळा नव्हता. बटण त्यांच्याकडे होतं, इतकंच. आपल्या देशाचा कायदा दाखवायला वकील गेले, तेव्हा करारात वाद कुठल्या शहरातल्या कोर्टात चालेल ते लिहिलेलं निघालं. ते शहर मला नकाशात शोधावं लागलं.

ताप, खोकला, फ्रॅक्चर हे सगळं कागदावर निभावलं. जुन्या माणसांना केसपेपर लिहिता येतो अजून. खरी पंचाईत झाली ती थॅलेसेमियाच्या मुलांची. चौसष्ट मुलं आहेत आपल्याकडे. ‘मुलं’ म्हणते, पण काही जण आता पंचविशीला आलेत. दर पंधरा-वीस दिवसांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. आधी काय दिलं, कशाने अंगावर पित्त उठलं, कोणाला काय चालत नाही, हे सगळं त्या बंद दारामागे. रक्त द्यायचं थांबवता येत नव्हतं आणि डोळे झाकून देताही येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, सीमाताई त्यांच्या मुलाला, राजेशला घेऊन आल्या. त्याला तू लहानपणी बघितलायस. आता तेवीस वर्षांचा आहे, लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी करतो, दाढी वाढवलीय. त्याच्या रक्ताची जुळणी झाली, सगळं ठीक आलं, बाटली तयार होती. वॉर्डच्या सिस्टरने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, घरी जे काही कागद असतील ते घेऊन या. सीमाताईंनी दादरच्या कुठल्याशा साडीच्या दुकानाची पिशवी काढली. आत प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत आणखी एक. त्यातून एक कार्ड निघालं, कडा पिवळ्या पडलेलं. त्या म्हणाल्या, “हे बघा, चालतंय का. लय जुनं हाय.”

ते दोन हजार दहा सालचं आपलं कार्ड होतं. शेवटची ओळ ठळक अक्षरात: ‘या रुग्णास किड-ए असलेले रक्त देऊ नये.’ आपले डॉक्टर तेव्हा समजावायचे ना, की ए, बी, ओ सोडूनही रक्ताचे बारीक गट असतात आणि त्यातला एखादा शरीराला एकदा नकोसा झाला की तो राग शरीर विसरत नाही, फक्त दडवून ठेवतं. पुढच्या तपासण्यांत तो दिसेनासा होतो आणि चुकीचं रक्त गेलं की आठवड्याने उसळून येतो. राजेशचं तसंच होतं. त्या दिवशीच्या जुळणीत काहीच दिसलं नव्हतं. तयार ठेवलेली बाटली तपासली, ती किड-एचीच निघाली. सिस्टरने ती तशीच उचलून परत पाठवली. राजेश पलंगावर बसून म्हणाला, “मॅडम, मला वाटलं कॉम्प्युटरला माहितीय. म्हणून मी लक्षातच ठेवलं नाही.” दुसऱ्या दिवशी दादरच्या एका रक्तपेढीतून त्याला चालेल असं रक्त मिळालं. सीमाताईंनी कार्ड परत मागून घेतलं, तिन्ही पिशव्यांत घातलं आणि मला म्हणाल्या, “गौतमदादा बोलले होते, हे टाकू नका कधी.”

मग आम्ही सगळ्यांना निरोप धाडले. लालबाग, प्रभादेवी, कांजूर, थेट पालघरपर्यंत. आया आल्या, आज्या आल्या, प्रत्येकीच्या हातात पिशवी. गौतम, तू ते बघायला हवं होतंस. कुणाकडे तुझी कार्डं, कुणाकडे वह्या, कुणी कॅलेंडरच्या चौकटींत लाल पेनाने रक्ताच्या तारखा लिहिलेल्या, कुणाच्या मोबाइलमध्ये प्रत्येक रिपोर्टचा फोटो. एका आजीला लिहिता येत नव्हतं, तिने नातीच्या दहा वर्षांच्या तारखा सणांच्या हिशेबाने तोंडपाठ सांगितल्या, आणि नंतर पडताळल्या तेव्हा दोनच चुकल्या होत्या. मी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर टाइप करत बसले. आठ दिवसांत चौसष्टपैकी एकसष्ट मुलांचं रेकॉर्ड पुन्हा उभं राहिलं. तिघांचं अर्धवट राहिलं. आपल्याकडचं जपायला आम्ही ज्यांना नेमलं होतं, त्यांच्याकडून एक ओळ मिळत नव्हती आणि ज्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी सगळं जपलं होतं.

अकराव्या दिवशी दार आपोआप उघडलं. ‘प्रिय ग्राहक, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ बाकी काही नाही.

शामरावांनी ट्रस्टची सभा बोलावली. चौऱ्याऐंशीचे झालेत ते, काठी घेऊन येतात, पण अध्यक्षाची खुर्ची सोडलेली नाही. सभा संपल्यावर मला थांबवून त्यांनी विचारलं, “कालिंदीताई, तेव्हा सगळं कंपनीकडे दिलं, आपण चुकलो का हो?” मी म्हटलं, “अर्धे चुकलो.” त्यांनी विचारलं, “कुठला अर्धा?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

त्यानंतरचे महिने मात्र फार सुखाचे गेले. इतक्या वर्षांत मला कामावर जायची अशी ओढ लागली नव्हती. अनिश नावाचा मुलगा आहे, सव्वीसचा, प्रभादेवीचा. लोअर परळच्या काचेच्या इमारतीतली नोकरी सोडून आपल्याकडे आला. खालच्या मजल्यावरची बंद पडलेली धुलाईची खोली त्याने साफ करून घेतली आणि तिथे आपली यंत्रं बसवली. प्रोग्राम आपण नव्याने लिहिला नाही. बऱ्याच देशांतली रुग्णालयं मिळून एक चालवतात, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. तो घेतला, आपल्याला हवं ते त्यात जोडलं, आणि जे जोडलं ते त्यांनाही परत दिलं. मराठी कार्ड त्यातच आहे. कोल्हापूरच्या एका रुग्णालयाशी ठरवलंय: त्यांची कुलूपबंद प्रत आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे. ते आपलं वाचू शकत नाहीत, आपण त्यांचं नाही, पण एकाकडे आग लागली तर दुसऱ्याकडून सगळं परत येतं. ईमेल वगैरे अजून परदेशी कंपनीचंच वापरतो. मी अनिशला विचारलं, तेही का नाही बदलायचं? तो म्हणाला, “ते बंद पडलं तर आपण वैतागू. हे बंद पडलं तर कुणीतरी मरेल. आधी हे.”

त्याची आणखी एक पद्धत तुला सांगायलाच हवी. महिन्यातून एकदा तो कुणालाही न सांगता मुख्य यंत्र बंद करतो आणि समोर चहाला जाऊन बसतो. त्या वेळी ड्युटीवर जो असेल, त्याने वही उघडायची आणि यंत्र परत चालू करायचं. वही मराठीत आहे, पायरी पायरीने लिहिलेली. पहिल्यांदा पंचावन्न मिनिटं लागली होती आणि सिस्टर त्याच्यावर इतक्या ओरडल्या की खाली ऐकू आलं. मागच्या महिन्यात नऊ मिनिटं लागली. मी स्वतः एकदा केलंय. दोनदा वहीचं पान मागे उलटावं लागलं, पण झालं. उन्मेषला मी तो प्रसंग चार वेळा सांगितला असेल.

नोव्हेंबरमध्ये मला दिल्लीला बोलावलं. देशाने डिजिटल बाबतीत स्वतःच्या पायावर कसं उभं राहावं, यावर सरकारी समिती मार्गदर्शिका बनवत होती आणि कुणीतरी आपल्या अकरा दिवसांची हकिकत त्यांना कळवली होती. मोठा हॉल, मोठी माणसं. समुद्राखालच्या केबल, चिप कुठे बनतात, माहिती कुठल्या देशात ठेवायची, तिच्यावर कायदा कुणाचा. काही जणांना सगळं इथेच बनवायचं होतं, उद्यापासून. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, जगात एकही देश सगळं स्वतः बनवत नाही, अगदी बलाढ्यसुद्धा नाही. तेव्हा प्रश्न असा विचारा, की उद्या कुणी बटण दाबलं तर तुम्ही किती दिवस उभे राहाल? मग माझी पाळी आली. मला सात मिनिटं दिली होती. मी सीमाताईंच्या पिशवीची गोष्ट सांगितली. म्हटलं, आम्हाला चार गोष्टी कळल्या त्या अशा: आपल्याला कोण बंद करू शकतं ते आधी माहीत असावं. ज्याची माहिती, त्याच्या हातात तिची प्रत असावी, त्याच्या भाषेत. करार आपल्या कोर्टात चालणारा असावा. आणि दुरुस्त करता येणारी माणसं आपली असावीत, एक नव्हे, अनेक. देश म्हणजे आमच्या रुग्णालयाहून फार मोठं काम, पण बंद दाराबाहेर उभं राहिल्यावर वाटतं ते मात्र तेच असणार.

जेवणाच्या वेळी एक बाई मुद्दाम भेटायला आल्या. समुद्रातल्या एका छोट्या देशाच्या पाहुण्या. म्हणाल्या, आमच्या अख्ख्या देशाचे जमिनीचे कागद एकाच कंपनीच्या यंत्रात आहेत आणि आमच्याकडे तुमच्यासारख्या पिशव्यासुद्धा नाहीत. मी त्यांना कोल्हापूरची अदलाबदल समजावली. देशादेशांतही असं करता येईल का, यावर आम्ही भात संपेपर्यंत बोलत बसलो. परळच्या धुलाईखोलीतली कल्पना कुठल्या कुठे चालली होती. मला फार समाधान वाटलं, गौतम. लपवत नाही.

त्या सभेत एकाने विचारलं होतं, रुग्णाला त्याच्या भाषेत कार्ड द्यायची कल्पना मुळात कुणाची? मी म्हटलं, “आमच्या विभागाची जुनी पद्धत आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या विमानात मी ते उत्तर मनातल्या मनात पुन्हा पुन्हा दुरुस्त करत राहिले.

मागच्या आठवड्यात समितीचं पत्र आलं. मार्गदर्शिकेत आपल्या कार्डावर पूर्ण पान आहे, मूळ कर्त्याचं नाव आणि त्याची संमती कळवा. मी तुझं नाव लिहिलं आणि पत्र तसंच ठेवलं, कारण संमती मागण्याआधी तुला एक गोष्ट माहीत असायला हवी. तुझी यंत्रणा बंद करून सगळं कंपनीला द्यायचं ठरलं, त्या दोन हजार बाराच्या सभेत शामरावांनी ‘आमच्या पाहणीत’ म्हणून जे टिपण वाचून दाखवलं, ते त्यांचं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. तीन पानं, घरी बसून टाइप केली. सगळी यंत्रणा एका माणसाच्या डोक्यात आहे, कुठेही काही लिहून ठेवलेलं नाही, तो कुणाला शिकवत नाही, तो आजारी पडला तर रुग्णालय थांबेल. हे खोटं नव्हतं, आणि आजही मी तसंच म्हणेन. एका माणसावर टांगून राहणं हेही परक्याच्या हातात असण्यासारखंच. पण मी तुला कधी ‘मला शिकव’ असं म्हटलं नव्हतं, कारण तुझ्यासमोर शिकाऊ व्हायला मला कमीपणा वाटायचा. ते मी लिहिलं नाही. कार्डांबद्दल एक ओळ लिहिली नाही. आणि ‘हट्टी’ असा शब्द वापरला, जो शामरावांच्या भाच्यासाठी मी वापरला नसता. त्याला ‘काटेकोर’ म्हटलं असतं. डिलाईल रोडच्या मुलासाठी मला तो सहज सुचला, आणि सहज सुचला हेच मला आज जास्त टोचतं. त्या दिवशी फाटकापाशी तू म्हणालास, “तू तरी माझ्या बाजूने होतीस.” मी मान हलवली. चौदा वर्षं ती मान हललेलीच आहे. शामरावांना मी काल जाऊन सांगितलं की तुला खरं कळवतेय. ते म्हणाले, “मीही त्यांना माफीचं पत्र लिहीन, पण आधी तुमचं पोचू दे.” आता हे सगळं कळल्यावर, माझ्या हाताने पाठवलेल्या कागदावर तुझं नाव जावं का, हे तू ठरव. हो म्हणालास तर मी पाठवेन, नाही म्हणालास तर ते पान बिननावाचं छापा म्हणून कळवेन, आणि थेट तूच त्यांना लिहायचं म्हणालास तर पत्ता सोबत जोडला आहे. नाव तुझं आहे. या वेळी तुला विचारल्याशिवाय त्याचं काहीही होणार नाही.

तुझीच,
कालिंदी